पुसून टाकलेले झटके

गंजणारा धातू बोलतो, असं मी म्हटलं की कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत लोक विषय बदलतात. खरं तर सोपं आहे. एकाच पाइपचे दोन तुकडे आम्लात बुडवायचे, बाहेरून वीज द्यायची नाही, आणि त्यांच्यातलं व्होल्टेज आपणहून कसं थरथरतं ते नोंदवत बसायचं. या थरथरीला आमच्या विषयात चक्क गोंगाट म्हणतात.

बाबा नंदेसरीच्या एका कारखान्यात फिटर. आम्लाच्या स्टेनलेस पाइपलाइनीखालीच त्यांचा दिवस जायचा. एकदा दुरुस्तीत कापलेला त्याच लाइनीचा तुकडा ते डब्याच्या पिशवीतून घेऊन आले.

"बेटा, बघ ना, लाइन अजून किती दिवस काढेल? बदलायची तर आठ दिवस काम बंद. साहेब माझं मत मागतायत."

लेकीच्या पीएचडीचा उपयोग त्यांना पहिल्यांदाच सुचला होता. मी फुशारले.

त्याचे दोन भाग करून मोजलं, तर व्होल्टेजच्या रेघेत मधूनच झटके: धाडकन खाली, मग सावकाश वर. हा पंख्याचा आणि लिफ्टचा उपद्रव, असं मी ठरवून टाकलं. आमच्या प्रयोगशाळेत असे झटके सगळेच सरासरी काढून पुसतात. रेघ स्वच्छ दिसली की मार्गदर्शक खूश. मीही पुसले आणि बाबांना सांगितलं, "चालेल, वर्षभर काही होत नाही."

पण झटके डोक्यातून जाईनात. लिफ्टचे असते तर सगळे एकाच घाटाचे कसे? पुढच्या आठवड्यात पंखा बंद करून, सगळं पत्र्याच्या पेटीत कोंडून, घामाघूम होत पुन्हा मोजलं. झटके होतेच, म्हणजे ते धातूचेच होते. मग त्यातला एक तुकडा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वरून सुईच्या टोकाएवढं भोक, आत मात्र ऐसपैस पोकळी! तिची कड इतकी वाकडीतिकडी की फोटोवर चौकोनांची जाळी टाकून मी ती मोजायला बसले. चौकोन निम्म्या मापाचे केले की सरळ कडेला दुप्पट लागतात. इथे दुपटीहून बरेच जास्त लागत होते. आणखी बारीक केले, तरी तेच. खाडीत खाडी, तिच्यात आणखी खाडी. मी हरखून गेले. पेन्सिलीला टोक करायला उठले तेव्हा कुठे लक्षात आलं, की अशी पोकळी बाबांच्या डोक्यावर आहे.

फोन लावला. "बाबा, मी चुकले. लाइन थांबवा. आणि आधी तिच्याखालून बाजूला व्हा."

"लाइन बंध करो!" असं गुजरातीत कोणावर तरी ओरडलेलं तेवढं ऐकू आलं.

संध्याकाळी ते घरी आले. बोलणी खायची माझी तयारी होती. त्यांनी शांतपणे बूट काढले.

"तू सांगितल्यावर मी लाइन हातोडीनं ठोकून बघितली होती गं. एका जागी आवाज बोदा, पोकळ आला. पण तू शिकलेली, तू म्हणालीस चालेल. मला वाटलं, आता माझेच कान गेले."