वाढत्या अंगाचं घर

आमच्या गल्लीत माझ्या वडिलांना दोन नावं आहेत. तोंडावर ‘मास्तर’ आणि पाठीमागे ‘दीड इंच’. मास्तर, कारण ते टेलर. दीड इंच, कारण गेली एकतीस वर्षं त्यांनी शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत, शिवणीच्या पोटात, दीड इंच जादा कापड दुमडून ठेवलेलं असतं. गिऱ्हाइकाने ते मागितलेलं नसतं. पण चार-पाच वर्षांनी तोच माणूस पोट आत ओढत दुकानात येतो, बाबा टीप उसवतात, आतलं कापड बाहेर काढतात, आणि माणूस श्वास सोडतो. कचेरीतले एक कारकून लग्नात शिवलेली पँट चारदा सैल करून घेऊन गेले. एकच पँट, चार पोटं. बाबा ही गोष्ट पदक दाखवावं तशी सांगतात आणि शेवटी विचारतात, “अंग काय कोणाला विचारून वाढतं?”

गिऱ्हाइकांचं भलं झालं. घरात मात्र मी होते.

माझा शाळेचा प्रत्येक फ्रॉक वाढत्या अंगाचा. पहिल्या वर्षी तो मला घालून घ्यायचा, दुसऱ्या वर्षी आमची ओळख व्हायची, आणि तिसऱ्या वर्षी तो अंगाला बसेपर्यंत कोपरांवर विरलेला असायचा. बाह्या तीनदा दुमडलेल्या. त्यामुळे वर्गात हात वर केला की आधी बाही वर जायची, मग मी.

आता मी सव्वीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासते. ते घासून बरोबर फ्रेममध्ये बसवणं हे माझं काम. तिथे केसाएवढा फरक झाला तर भिंग एकतर खाली पडतं, नाहीतर तडकतं. दिवसभर मी अचूक मापात जगायचे आणि संध्याकाळी दीड इंचाच्या घरी यायचे. म्हणून जेव्हा कारखान्याजवळ खोली भाड्याने घेतली तेव्हा मनात एकच गोष्ट होती. हे घर माझ्या मापाचं असेल. लहान असेल, चालेल. पण माझ्या मापाचं.

लहान तर ते होतंच. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, दारात उभं राहून हात लांब केला तर गॅस बंद करता येईल एवढी. अनामत भरल्यावर हातात जे पैसे उरले त्यात पलंग आला असता किंवा कपाट. दोन्ही नाही. मी ठरवलं, पलंगच करून घ्यायचा, जुन्या दारांच्या लाकडाचा, आणि त्याखाली कपड्यांसाठी तीन खण. भिंत आणि खांब यांच्यामध्ये बरोबर पलंगाएवढी जागा होती. तिथे तो एकदा बसला की खोलीत उरलेल्या जागेत मी बसू शकत होते.

बाबा म्हणाले, मदतीला येतो.

पहिल्या रविवारी ते गळ्यात टेप अडकवून आले. खिडकी मोजली, ओटा मोजला, मग सवयीने माझे खांदेही मोजले. त्यांना तोंडात टाचण्या धरून बोलायची इतकी सवय की टाचण्या नसल्या तरी ओठ तसेच मिटलेले असतात आणि शब्द एका कोपऱ्यातून बाहेर येतात. त्या कोपऱ्यातून ते म्हणाले, काळजी करू नकोस, सगळं स्वस्तात आणतो.

दुसऱ्या रविवारी ते स्वस्तात आणलेलं सगळं घेऊन आले. सहा जणांचा कुकर. मी उकिडवी बसले तर आत मावेन अशी बादली. दाराशी टाकायचं पायपुसणं एवढं मोठं की दार त्याच्यावर येऊन अडकलं आणि आई बाहेरच राहिली.

बाहेरूनच ती म्हणाली, “अहो, सहा कप चहाचं भांडं घेतलंत, पण तिच्याकडे कप दोनच आहेत.”

“आज दोन आहेत,” बाबा म्हणाले.

मग ते पायपुसणं ओढून काढण्यात अर्धा तास गेला. कुकर, बादली आणि भांडं मी सोमवारी कामावरून सुटल्यावर तिन्ही दुकानांत परत करून आले. बादलीवाला आधी घेईना. म्हणाला, तुमचे वडील हिच्यापेक्षा मोठी मागत होते, मीच त्यांना आवरलं.

त्या दिवशी मी बाबांना बसवून सांगितलं. बाकी काय आणायचं ते आणा, मी परत करीन. पलंगाला मात्र हात लावायचा नाही. त्यात माझी सगळी शिल्लक जाणार आहे. जागा सहा फूट अडीच इंच आहे, अर्धा इंच हलायला सोडून पलंग सहा फूट दोन इंच. त्यांनी मान डोलावली. मी तसं कागदावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि सुतारकाकांचं दुकान बाबांच्या दुकानाला लागूनच म्हणून ती चिठ्ठी बाबांच्याच हातात दिली.

हे मी केलं. सव्वीस वर्षं त्या घरात काढून मी हे केलं.

एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला पाच पावलं लागतात. त्या पाच पावलांत चिठ्ठी दीड इंच वाढली.

पलंग आला तो महिनाअखेरीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी. तीन मजले सुतारकाका पुढून आणि बाबा मागून, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर दोघांचं एकमेकांना शिकवणं. आई खण घेऊन मागून, एकेक करून. लाकूड सुंदर होतं. जुन्या दारांवरचा रंग तासून काढल्यावर खालून मधासारखं निघालं होतं. उशाला तर अख्ख्या दाराची जाड फळी लावली होती. मी त्यावरून हात फिरवला. ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू, जी मी माझ्या पैशाने माझ्यासाठी करून घेतली होती.

मग पलंग जागेवर सरकवला. भिंतीला एक टोक लागलं, दुसरं टोक खांबावर आपटून थांबलं. सुतारकाकांनी पायाने ढकललं. बाबांनी खांद्याने ढकललं. पलंग तिरका उभा राहिला, आणि त्याच्या पलीकडे ओट्यापाशी आई अडकली.

सुतारकाकांनी खिशातून चिठ्ठी काढली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि पलंगाला टेप लावला. “बरोबर आहे की. सहा फूट साडेतीन.”

“दोन,” मी म्हटलं.

“साडेतीन. हे बघ. दोन खोडलंय, वर साडेतीन लिहिलंय. अक्षर मास्तरांचं.”

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा खांबाकडे बघायला लागले, जणू तोच आयत्या वेळी पुढे सरकला होता.

सुतारकाकांनी चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली. “मास्तर, लाकडाला शिवण नसते हो. उसवून आत कसं घेऊ?”

बाबा म्हणाले, “उद्या दोघं झाली तर? पाहुणे आले तर? माणूस झोपेत पाय लांब करतो.”

“झोपेत पाय लांब केल्याने भिंत मागे सरते का?” ओट्यापाशी अडकलेल्या आईने विचारलं.

पुढचा तासभर मी पायरीवर बसून होते आणि आत काय चाललंय ते ऐकत होते. चौकट कापली तर तिसरा खण आत जाणार नव्हता. पाय कापले तर तोल जाणार होता. नवीन लाकूड घ्यायला माझ्याकडे एक पैसा नव्हता, आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी तसं म्हणतही नव्हतं. शेवटी सुतारकाकांनाच सुचलं. उशाची जाड फळी काढून टाकायची, भिंतच उसं समजायची. फळी निघाली. पलंग जागेवर गेला, डबीत झाकण बसावं तसा. सुतारकाकांनी निघालेल्या फळीची जाडी मोजली आणि पोट धरून हसायला लागले. “मास्तर, हे घ्या तुमचं दीड इंच.”

एवढ्यावर थांबले असते तर मी काही बोलले नसते. पण बाबांनी ती फळी हातात घेतली, उलटीसुलटी केली, ओट्याच्या वर भिंतीला लावून बघितली, आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, “बघ. उरली म्हणून शेल्फ झालं.”

मी उठून आत आले.

“बाबा, मला आजवर एक तरी कपडा बसलाय का?”

त्यांनी फळी खाली घेतली.

“मी वाढत होते तेव्हा तो सैल होता. मी वाढून झाले तेव्हा तो फाटला होता. सगळ्या गल्लीला तुम्ही मापाचं शिवून दिलंत, वर दीड इंच जपून आत ठेवलंत. मला मात्र ते दीड इंच बाहेरूनच घालायला लावलंत.”

“पण तू वाढलीस ना?”

“वाढली,” आई म्हणाली. “तेच ती सांगतेय.”

सुतारकाका अवजारं गोळा करायला लागले. बाबांनी फळी भिंतीशी टेकवून ठेवली, टेप गळ्यातून काढून गुंडाळला आणि खिशात टाकला. मी त्यांना दुकानाबाहेर, भर दिवसा, टेपशिवाय कधी बघितलं नव्हतं. कोणाला वाटेल मला वाईट वाटलं असेल. थोडं वाटलं. पण कंबर मोडली होती, सकाळपासून चहा नव्हता, आणि ते शेल्फ खरोखरच तिथे छान दिसत होतं, याचा राग जास्त होता.

खिडकीला पडदा राहिला होता. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थेट माझ्या ताटात बघायच्या. चार दिवसांनी मी कापड घेऊन बाबांच्या दुकानात गेले. बाबांनी मशीन थांबवली, काउंटरवरची मापांची वही उघडली आणि पेन्सिल कानामागून काढली. त्या वहीत फक्त गिऱ्हाइकं असतात. घरच्यांची मापं त्यांना डोळ्यांनी कळतात म्हणे.

“नाव?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंमत करत नव्हते. मी नाव सांगितलं, त्यांनी लिहिलं.

“लांबी?”

“अडतीस.”

“जादा?”

“नाही.”

पेन्सिल थांबली. मग त्यांनी तेही लिहिलं. नुसतं एवढंच म्हणाले की कापड सुती आहे, शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्यावं लागेल, दोन-तीन दिवस जातील. मी म्हटलं, आणखी तीन दिवस त्या बाईंच्या देखत जेवायचं नाही मला. मापाने शिवा, बाकी काही नको. त्यांनी पावती फाडून दिली. दुसऱ्या दिवशी पडदा तयार होता, कडक इस्त्रीचा, अडतीसला अडतीस. मी खालची दुमड उलटून बघितली. आत काही नव्हतं. खिडकीला लावला तर खालच्या कडेला टेकून थांबला. त्या आठवड्यात मी बाहेरून आले की आधी पडदा बघायचे, मग चपला काढायचे.

तीन आठवड्यांनी पडदा धुतला.

वाळल्यावर लावला आणि खालून उजेडाची एक पट्टी दिसली. मी टेप आणला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा साडेछत्तीस आलं. मी पलंगावर बसले आणि त्या दीड इंचाकडे बघत राहिले. आईला फोन करून बजावलं की महिनाभर बाबांना इकडे पाठवू नकोस, मी फार कामात आहे.

बाबा पुढच्याच रविवारी आले. इकडे काम होतं म्हणाले. इकडे चष्म्यांचा कारखाना सोडून काहीही नाही. मी चहा ठेवला, त्यांच्या शेल्फवरून साखरेचा डबा काढला, आणि पाठमोरीच उभी राहिले. ते पडद्यासमोर उभे होते. गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट बघतात तसे, मान तिरकी करून, बराच वेळ. आता बोलतील, मग बोलतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

“बसलाय,” ते म्हणाले, आणि कप घेऊन पलंगावर टेकले. बाकी गल्लीतल्या गोष्टी सांगितल्या, चहा प्याले, गेले.

संध्याकाळी टॉवेल काढायला तिसरा खण उघडला तर आत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझ्याच पडद्याचं कापड. खिडकीच्या रुंदीची पट्टी, धुऊन आटवलेली, तिन्ही बाजू शिवलेल्या, चौथीला नुसता धावदोरा. जोडली की झालं.

मी फोन केला. पलीकडे मशीन चालू होती, ती थांबली.

“बाबा, खणात काय ठेवलंत?”

“तुझ्या कापडातलं उरलेलं. तुझंच आहे.”

“आटणार हे माहीत होतं तुम्हाला.”

“मी सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. मी पट्टी हातात उलटीसुलटी केली. “मग जोडू का?”

“ते गिऱ्हाइकाने ठरवायचं,” बाबा म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

पट्टी अजून खणातच आहे. सकाळी साडेसहाला ऊन पडद्याखालून आत येतं आणि बरोबर माझ्या डोळ्यांवर पडतं. त्यामुळे कामावर वेळेत पोचते, असं मी सगळ्यांना सांगते. बाबा विचारत नाहीत.