शेजाऱ्याची मिरची

राधेश्यामकाका फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. "बोला, पाटील!" म्हणतात; मग समोर पाटील असो, नसो. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत शेतकऱ्यांचे फोन घ्यायला ते बावीस वर्षं बसलेत. एका दमात खोकतात, पान गालात सारतात आणि एका पंपाला औषध किती टाकायचं तेही सांगतात.

यंदा मालकांच्या मुलानं, मयंकशेठनं, त्याच टेबलावर एआयची बाई आणली. बाई म्हणजे नुसता आवाज. गोड, गार, कुठंही श्वास न घेणारा: "नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?"

"काका, महिनाभर निम्मे फोन ती घेईल, निम्मे तुम्ही. तिला जमलं तर तुम्ही गोदामात."

गोदामात नुसती पोती. तिथं बोलायचं कोणाशी? तरी काका म्हणाले, "बिलकुल, शेठ."

बाईचे फोन दीड मिनिटात आटपायचे. काकांचे आटपता आटपायचे नाहीत. महिना संपला तसा बाईनं अहवाल काढला: आपल्या ग्राहकांच्या मिरचीवर रोग जवळजवळ नाहीच. आहे तो सगळा शेजाऱ्यांच्या शेतात.

मयंकशेठ खुर्चीतून उठलेच. "काका, बघून राह्यले का? आपल्या बियाण्याला रोगच न्हाई! मोठा बोर्ड लावू!"

काका हसत सुटले. "शेठ, 'माझी मिरची गेली' असं कोणी म्हणतं का? फवारणी चुकवली म्हणून मी झापीन ना! मंग 'शेजाऱ्याच्या मिरचीला जरा असं झालंय' म्हणत्यात. मी म्हणतो, 'शेजाऱ्याला विचारा, दोन फवारे बुडवले ना?' तिकडून लगेच, 'हां, बुडवले.'"

"ती बाई तुमच्या डोळ्यांत खुपते, काका."

हे मात्र लागलं. "चला मंग बदनापूरला. रामप्रसादचा फोन तिनंच घेतल्ता."

गाडी निघाली. रामप्रसादच्या रानात मिरचीची पानं भाजलेल्या पापडासारखी वळलेली.

"हे कोणाचं?" मयंकशेठनं विचारलं.

"शेजाऱ्याचं, शेठ."

"आणि तुमचं?"

रामप्रसादनं चौफेर पाहिलं. डावीकडं रेल्वेचे रूळ, उजवीकडं नाला, मागं त्याचंच घर. "शेजारी... आत्ता इथंच उभा होता."

"फोनवरची बाई काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"म्हणाली, शेजाऱ्यालाच फोन करायला सांगा. आता कोणाला सांगू? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, शेजारणीला सांगा."

काका उकिडवे बसले, एक पान उलटं केलं. "रामप्रसाद, शेजाऱ्याला म्हणा, ही झाडं आजच उपटा, पिवळे चिकट सापळे लावा. आणि पुढच्या टायमाला फवारा बुडवाल तर याद राखा."

"सांगतो की," म्हणत रामप्रसाद खाली वाकला आणि झाड उपटू लागला.

परतताना जालना जवळ आल्यावर मयंकशेठ रस्त्याकडं बघतच म्हणाले, "गोदामाचं राहू द्या, काका."

काकांनी काच खाली केली, तोंड मोकळं केलं आणि लगेच साहेबाचा सूर लावला. "मंग त्या बाईला उद्या साडेनवाला माझ्यापाशी बसवा. आठ दिवस नुसतं ऐकू द्या तिला. मधी बोलायचं न्हाई!"