सुमन कुणाबरोबर गेली?

माझी बायको पळून गेल्याची बातमी मला माझ्या सासऱ्यांनी दिली. ती द्यायला ते कुंडलहून ट्रॅक्टर घेऊन आले होते आणि मागच्या ट्रॉलीत त्यांची अर्धी भावकी उभी होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊसपाणी जरा बरं झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी विट्याला सरकारी कचेरीत कारकून होतो आणि मला साहित्याची आवड होती. (ही दोन्ही दुखणी सहसा एकाच माणसाला होतात.) त्या आवडीपायी मी आमच्या घरी मासिक कादंबरी मंडळ काढलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या सोप्यात जमायचं, सतरंजीवर बसायचं आणि एका कादंबरीवर चर्चा करायची. सभासद आम्ही चौघं आणि वाचनालयातून आणलेली प्रत एकच! ती हातोहात फिरायची, त्यामुळे सगळी कादंबरी सगळ्यांनी वाचलीय असं कधी घडायचं नाही.

पोस्टमास्तर फक्त सुरुवात वाचायचे. मुल्ला टेलर शिलाई मशीनवर बसून मधलं मधलं वाचायचे आणि महत्त्वाच्या वाक्यांना खडूनं खुणा करायचे. आणि बापू! बापूंचं तिकडं मद्रासच्या बाजूला सोनं गाळायचं दुकान. ते महिना-दोन महिने सुट्टीवर गावी यायचे आणि थेट शेवटचं पान वाचायचे.

"बापू, अहो मधलं?" मी एकदा विचारलं.

"सोनं गाळल्यावर खाली काय ऱ्हातंय तेवढंच बघायचं असतं, भाऊसाहेब. बाकीचा समदा धूर!"

तर त्या महिन्याची कादंबरी अशी होती, की एका कारकुनाची बायको डॉक्टरबरोबर निघून जाते. नायिकेचं नाव सुमन. माझ्याही बायकोचं नाव सुमन. यात आश्चर्य काहीच नव्हतं. त्या काळी आमच्या भागात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो कुठल्या ना कुठल्या सुमनलाच लागायचा.

त्या रविवारी आमची सुमन सांगलीला गेली होती. कुकर आणायला! शेजारणींकडे कुकर आले होते आणि तिला चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायचा कंटाळा आला होता. गावातले डॉक्टर त्यांच्या बायकोला घेऊन जीपमधून सांगलीला निघाले होते, त्यांच्याबरोबर हीही गेली. डॉक्टरीणबाई पुढच्या चौकात माहेरी होत्या, त्या तिथून बसणार होत्या. आमच्या दारातून मात्र जीपमध्ये चढली ती एकटी सुमन. डॉक्टरांशेजारी. हसत हसत.

हे सगळं समोरच्या पारूआक्कांनी पाहिलं होतं. (पारूआक्कांनी पाहिलं नाही असं आमच्या गल्लीत काही घडायचंच नाही.)

सकाळी अकराच्या सुमारास मंडळाची बैठक रंगात आली. नेमके त्याच वेळी माझे सासरे, म्हणजे तात्या, आमच्या दारात उतरले. तात्या फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशा अजून नोकरीवरच होत्या. लेकीसाठी गुळाची ढेप घेऊन ते ओट्यावर वहाणा काढत होते, आणि आतून माझा आवाज आला,

"माझं तर स्पष्ट मत आहे, सुमन त्या डॉक्टरबरोबर गेली हे उत्तम झालं!"

पाठोपाठ पोस्टमास्तर म्हणाले, "नवरा तिच्या लायकीचाच नव्हता."

"अजिबात नव्हता!" मी जोरात म्हणालो. "मी तर म्हणतो, आधीच जायला हवी होती!"

तात्यांनी काढलेल्या वहाणा परत घातल्या. समोर पारूआक्का उभ्याच होत्या.

"आक्का, आमची सुमन कुठं हाय?"

"आवं, सकाळीच डागदरांच्या जीपमधनं गेली की! लय नटली हुती. मी हाक मारली तर हात केला नुसता."

तात्या मिळेल त्या एसटीनं कुंडलला परत गेले. गुळाची ढेपही परत गेली. यातलं आम्हाला काहीच कळलं नाही, कारण आत सुमनचं नेमकं कितव्या प्रकरणात चुकलं यावर वाद पेटला होता. बायको घरी नसली की चर्चेला जेवणाचा अडथळा राहत नाही. उन्हं कलली तरी आम्ही सुमनवरच होतो.

आणि अंगणात ट्रॅक्टर घुसला.

पुढं तात्या. मागं ट्रॉलीत त्यांचे भाऊ, पुतणे, काठ्या आणि मधोमध डोक्याला पदर गुंडाळून रडणाऱ्या माझ्या सासूबाई. मी धावत बाहेर गेलो. "या, या! अचानक कसं येणं केलंत?" (मी सुसंस्कृत माणूस आहे. काठ्यांकडे बघूनही मी आधी चहाचं विचारलं.)

"जावई, खरं बोला," तात्या म्हणाले. "सुमन गेली?"

"गेली की."

"डॉक्टरबरूबर?"

"हो. त्यांची जीप रिकामीच चालली होती."

"आन् तुमी बगत बसलाव?"

"बघत कशाला बसेन? मीच म्हटलं, जा. पिशवी मी भरून दिली. किती दिवस चुलीपुढं धुरात बसणार बिचारी?"

सासूबाईंनी ट्रॉलीत हंबरडा फोडला. मला वाटलं, त्यांना लेकीच्या चुलीचं वाईट वाटलं. म्हणून मी धीर दिला, "रडू नका, आई. ती एकटी येणार नाही. त्याला घेऊनच येणार आहे. आता तो कायमचा इथंच राहणार!"

"कोण?" तात्यांच्या मिशा थरथरल्या.

"अहो, शेजारच्या सगळ्यांच्या घरी आहे! आपल्याच घरी नको का?"

तात्यांचे धाकटे भाऊ ट्रॉलीतून खाली उतरायला लागले. तेवढ्यात गोंधळ ऐकून बापू बाहेर आले. अंगणात 'सुमन' आणि 'डॉक्टर' हे दोन शब्द त्यांनी ऐकले आणि त्यांना वाटलं, ही मंडळी चर्चेलाच आलीयत!

"तात्या, तुमी काळजी करू नगा," बापू म्हणाले. "सुमन शेवटच्या पानावर परत येती."

"कुठं?"

"शेवटच्या पानावर."

"ह्ये पान कुठं आलं रं? मिरजंच्या अलीकडं का पलीकडं?"

"पन परत येऊन उपेग काय!" मुल्ला टेलर दारातून हळहळले. मधला भाग त्यांचा होता. "नवऱ्यानं तवर विष घेतलेलं असतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून मी चहाशिवाय काही घेतलेलं नव्हतं, त्यामुळे माझा चेहराही विष घेतल्यासारखाच दिसत असावा.

"जावयानं विष घेतलं गं बाई!" सासूबाई ओरडल्या.

मला मारायला आलेली माणसं एका क्षणात मला वाचवायला धावली. मी सांगतो, मारलं असतं तर परवडलं असतं! दोघांनी दंड धरले, दोघांनी पाय. पारूआक्का मिठाच्या पाण्याची कळशी घेऊन इतक्या लवकर आल्या, की ती त्यांनी आधीच कालवून ठेवली होती की काय, अशी शंका मला अजून आहे.

"मी काही घेतलं नाही हो! ते कादंबरीत..."

"कादं... म्हंजी कांद्यातनं घेतलंय!" एक चुलतसासरे ओरडले. "पाजा!"

त्यांनी पाजलं. मी ओकलो. त्यांनी पुन्हा पाजलं. पोस्टमास्तर "अहो, थांबा, थांबा!" करत पुढं आले, तर तात्यांनी त्यांना मिलिटरी आवाजात "पीछे हट!" म्हणून तुळशीपर्यंत ढकललं.

"आवं, डागदरला बलवा कुणीतरी!" पारूआक्का म्हणाल्या.

"कुठला बलवू?" तात्या गरजले. "त्योच तर घिऊन गेलाय!"

माझं डोकं खाली आणि पाय ट्रॉलीच्या फळीवर होते. त्या अवस्थेत माणसाचा विचार उलटाच चालतो. माझ्या मनात आलं, इतकी माणसं म्हणतायत, पारूआक्कांनी डोळ्यांनी पाहिलंय, मग खरंच गेली असली तर? ती हसत का होती? कुकर आणायला कुणी इतकं हसतं का? आणि मला रडू आलं. मिठाच्या पाण्यानं नव्हे, खरंखुरं.

तेवढ्यात जीप आली.

सुमन खाली उतरली तेव्हा तिच्या हातात नवा कोरा कुकर होता. मी लोकांच्या हातातून सुटलो, भिजलेल्या सदऱ्यानिशी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणालो,

"सुमन, झालं गेलं विसरून जाऊ. तू परत आलीस, मला सगळं मिळालं!"

"काय विसरायचं?" ती म्हणाली. "आणि तुम्ही ओले कशानं झालात?"

डॉक्टर माझी नाडी बघायला पुढं आले. तात्यांनी काठी आडवी धरली. आता एका क्षणात काय झालं असतं सांगवत नाही, पण जीपच्या मागच्या बाजूनं डॉक्टरीणबाई आवाज देत उतरल्या, "अहो, तेवढी साड्यांची पिशवी घ्या की! माझी कंबर अवघडली."

तात्यांनी काठी खाली केली. मग मी आत जाऊन कादंबरी आणली. तात्यांनी चष्मा लावला, नायिकेचं नाव वाचलं, डॉक्टरचं वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता माफी मागणार.

"पयल्यापास्नं वाचा," ते म्हणाले.

अर्धी भावकी अंगणात मांडी घालून बसली. डॉक्टर बसले, डॉक्टरीणबाई बसल्या, पारूआक्का तर आधीच बसल्या होत्या. मिठाच्या पाण्यानं माझा घसा बसला होता, म्हणून वाचायला सुमन बसली. ती वाचत गेली तशी भावकीत उभी फूट पडली. दोन भाऊ नवऱ्याच्या बाजूचे, तीन डॉक्टरच्या, आणि सासूबाई कुणाच्याच नाहीत. "त्या घरात सासूच कशी न्हाई?" एवढाच त्यांचा सवाल होता. आमच्या मंडळात इतकी सखोल चर्चा त्यापूर्वी कधी झाली नव्हती. कारण उघड होतं, एकाच बैठकीत सगळ्यांना सगळी कादंबरी कळत होती!

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रॅक्टर परत आला, न बोलावता. त्याच्या पुढच्या महिन्यातही. सुमन मंडळाची अध्यक्ष झाली आणि तात्या शिस्तप्रमुख. इतक्या माणसांच्या चहाचं कुणीतरी बघायला हवं होतं, ते आपोआप माझ्याकडे आलं. एकदा मी आतून सगळा वाद ऐकत होतो आणि नायिकेच्या स्वभावाबद्दल मला एक फार सूक्ष्म मुद्दा सुचला. संस्थापक या नात्यानं मी चिमट्यासकट सोप्यात आलो आणि घसा खाकरला.

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जावई, ही साहित्याची चर्चा हाय," ते म्हणाले. "तुमाला न्हाई कळायची. आन् च्यात साखर कमी पडलीया, तेवढं बगा."