मागच्या खोलीतलं मशीन

सासऱ्यांनी बांधलेलं घर दोघा भावांत वाटलं गेलं, तेव्हा थोरल्या दिरांना खालचा मजला मिळाला आणि आम्हाला वरचा. खालच्या मजल्याला रस्त्याच्या तोंडाशी गाळा आहे. द्वारका चौकापासून चालत येण्यासारखं घर, समोर दिवसभर रहदारी. तो गाळा मला मिळाला असता तर मी काय केलं असतं, हे मी भेटेल त्याला सांगत आले. दिरांनी तो एका मोबाइलवाल्याला भाड्याने दिला. मी वर, मागच्या खोलीत मसाले दळायचं मशीन टाकलं आणि जिना चढून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर धंदा उभा केला. घरातल्या कुणाची काडीची मदत झाली नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. मी ते सुरू केलं की नवरा पेपर उचलायचा.

मागच्या वर्षी तसंच दुसरं मशीन घेतलं आणि पुढच्या खोलीत बसवलं. त्यानंतर लाइटबिल एकदम वाढलं. मी हिशेबाला पक्की. पहिलं मशीन इतकी वर्षं चालतंय, त्याचं बिल कधी जाणवलं नाही. मग दुसऱ्याने एवढं कसं वाढेल? दोन्ही मजल्यांचे मीटर जिन्याखाली शेजारी शेजारी आहेत. खालच्यांनी आपली वायर माझ्या मीटरला जोडली, याबद्दल मला शंकाच उरली नाही. आधी गाळा घेतला, आता लाइट.

नवरा म्हणाला, आधी दादाला विचारू. मी म्हटलं, काय विचारणार, बाबा तू चोरी करतोस का म्हणून?

गल्लीतला इलेक्ट्रिशियन दिरांच्या उठण्याबसण्यातला, म्हणून त्याला टाळलं. द्वारका चौकातल्या एका दुकानात विचारून अनोळखी माणूस आणला. पेठ गावाकडचा, तिशीतला. त्याच्याशी जिन्यातच भाव केला. तो म्हणाला, वायर शोधायचं काम किचकट असतं. मी म्हटलं, चोरी सापडली तर ठरले तेवढे, नाही सापडली तर अर्धे.

"काकू, डॉक्टरला पण असंच सांगता का?"

"सांगते. ऐकतो तो."

रविवार मी मुद्दाम निवडला होता. सगळे घरी असतात. खालच्या दारात उभी राहून, गाळ्यातल्या मोबाइलवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी जावेला सांगितलं की आज वायरिंग तपासायचंय. तुमचे पंखे, टीव्ही सगळं चालू ठेवा. माझा मेन बंद केला की तुमच्याकडचं काय काय बंद पडतं ते सगळ्यांना दिसेल. दीर उठून आत गेले. जाऊ एवढंच म्हणाली, "आजच करायचंय का हे?" ती घाबरली, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

इलेक्ट्रिशियनने माझा मेन खाली ओढला. वरचे पंखे थांबले, फ्रिज थांबला, पुढच्या खोलीतलं नवं मशीन थांबलं. मी जावेच्या दारातून आत पाहत होते. तिचा पंखा फिरत होता. टीव्हीवर जाहिरात चालू होती. आणि वरून, मागच्या खोलीतून, माझ्या पहिल्या मशीनची घरघर येत होती. सोमवारी द्यायचे धने मी त्यात लावून आले होते.

मी त्या माणसावर खेकसले. मेन नीट बंद कर, वर मशीन चालू आहे, ऐकू येत नाही का? त्याने मला मीटरशी नेऊन माझं बंद केलेलं बटण दाखवलं. मग जावेला विचारून त्यांचा मेन बंद केला. तिचा पंखा मंदावला आणि वरचं मशीन घोगरं होत होत बंद पडलं.

मग त्याने वायर धरून शोधलं. वरचा मजला चढवताना मागच्या खोलीची लाइन खालच्या बोर्डावरून घेतलेली होती. वाटणीत आम्ही नवं मीटर घेतलं, बाकी खोल्या त्यावर आल्या, ती खोली तिथेच राहिली. इतकी वर्षं माझं मशीन दिरांच्या मीटरवर चाललं होतं. फक्त दुसरं मशीन माझ्या मीटरवर आलं, म्हणून मला त्याचं बिल दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी जावेला विचारलं.

"पहिल्या महिन्यातच कळलं," ती म्हणाली. "हे म्हणाले, गाळा आपण घेतला, लाइट राहू दे तिला."

ती हे इतक्या हळू बोलली की मोबाइलवाल्याला ऐकू जाऊ नये. मला दर उन्हाळा आठवला. जाऊ वर्षाची मिरची माझ्याकडेच दळायला पाठवायची. त्याच मशीनवर मी ती दळायची आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाएवढाच दर घ्यायची. घरचे म्हणून एक रुपया सोडला नाही, हे मी बायकांत अभिमानाने सांगायची.

इलेक्ट्रिशियनने विचारलं, लाइन वेगळी करून देऊ का? जाऊ म्हणाली, "राहू दे की, एवढी वर्षं चाललंय." त्यावर मी गप्प बसायला हवं होतं, किंवा नीट काही बोलायला हवं होतं. मी ओरडले. आत्ताच्या आत्ता वेगळी कर, मला कुणाचं नको. जावेचा चेहरा उतरला. एवढी वर्षं तिने वर येऊ दिलेली लाइट मी दारात उभी राहून फेकून दिल्यासारखं झालं. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

काम झाल्यावर त्या माणसाने पैसे मागितले. मी सवयीने विचारलं, अर्धेच ना? तो हत्यारं भरत म्हणाला, "सापडली की काकू." मी पूर्ण दिले.

यंदा जावेची मिरची नेहमीसारखीच वर आली. पिशवीत वरच दळणाचे पैसे होते, रबर लावलेले. मिरची दळून नवऱ्याबरोबर खाली पाठवली. पैसे तसेच मशीनशेजारच्या फळीवर आहेत. ते नवऱ्याच्या हाती पाठवून चालणार नाही. मलाच त्या दारात उभं राहून, त्या रविवारी होता तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलायला हवं. परवा अर्धा जिना उतरले होते. खाली तिचा पंखा चालू असल्याचा आवाज आला आणि मी परत वर आले.