पट्टीची उलटी बाजू

आमच्या ठसे विभागात सगळे त्यांना शंकाकाका म्हणायचे, तेही तोंडावर. चहा आला की आधी कप उजेडात धरून बघणार. कोणी आजारी पडलं तर डॉक्टरची चिठ्ठी मागणार. एकतीस वर्षं भिंगातून माणसांच्या बोटांवरचे शंख आणि चक्रं पाहून त्यांचा जगावरचा विश्वासच उडाला होता. माझं टेबल त्यांना लागून, त्यामुळे सगळ्यात जास्त डोकं माझंच उठायचं.

एकदा एका आजारी म्हातारीच्या कपाटातले दागिने गेले. तिला सांभाळणारी नर्स दिवसभर घरात असायची, म्हणून पोलिसांनी तिलाच उचललं. कपाटाच्या दारावरच्या आरशावर चार बोटांचे ठसे होते. काकांनी स्वतः जाऊन त्यावर पावडर मारली आणि चिकटपट्टीने ते उचलून आणले. नर्स, म्हातारी, तिचा मुलगा, तिघांचे ठसे ताडून पाहिले. एकाचेही जुळले नाहीत. काकांनी ‘अज्ञात व्यक्ती’ लिहून सही ठोकली.

मला वाटलं, सुटली बिचारी. पण तपास अधिकाऱ्याने भलताच अर्थ काढला. “म्हणजे हिचा कोणीतरी साथीदार आहे. नाव सांगेपर्यंत राहू दे आत.” खरं सांगते, मलाही ते पटलं. नर्सचा फोटो पाहून मी तिच्या डोळ्यांत लबाडीसुद्धा शोधून काढली. आता आठवलं की लाज वाटते.

काकांना मात्र चैन पडेना. ठसे डाव्या हाताचे दिसत होते, आणि त्या दाराचं कुलूपही डाव्या कडेला होतं. अकराव्या दिवशी ते ऑफिसच्या, तसंच डावीकडे कुलूप असलेल्या कपाटासमोर उभे राहिले. डावा पंजा दारावर टेकवून उजव्या हाताने किल्ली फिरवायला गेले, तर हातांची फुलीच झाली. सगळे फिदीफिदी हसले, त्यात मीही.

“चोर असा कशाला उभा राहील?” काका म्हणाले. “ती पट्टी आण गं.”

पट्टी नेहमी पांढऱ्या कार्डावर चिकटवतात. ठसे उचलले त्या दिवशी कार्डं संपली होती, म्हणून काकांनी ती पारदर्शक प्लॅस्टिकवर लावली होती आणि नंबराचं लेबल मागच्या बाजूला. आम्हाला लेबल दिसतं तीच सरळ बाजू मानायची सवय. म्हणजे आम्ही तो ठसा पाठीमागून पाहिला होता, आरशात पाहावा तसा.

काकांनी पट्टी पालटली. डावा हात उजवा झाला. मग तिघांचे कागद पुन्हा काढले आणि म्हातारीच्या मुलाच्या कागदावर त्यांचं भिंग थांबलं. आपण वर्षभर त्या घरी फिरकलो नाही, असा जबाब त्याने दिला होता.

आमच्या विभागाच्या साहेबांनी काकांना आत बोलावून दार लावून घेतलं. “चार महिन्यांनी निवृत्त होताय. फेरतपासणीत जुळला, एवढंच लिहा. चूक कशाला चव्हाट्यावर आणायची?”

“तेवढंच लिहिलं, तर माझ्या बाकीच्या सह्यांवर उद्या मीच शंका घेईन,” काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं लिहिलं.

नर्स सुटली. चार दिवसांनी ती ऑफिसात आली आणि काकांसमोर हात जोडून उभी राहिली. “तुमच्यामुळे सुटले.”

“माझ्यामुळेच इतके दिवस अडकला होतात,” काका म्हणाले. “पट्टी मी उलटी पाहिली होती.”

तिचे हात हळूच खाली आले. मग ती म्हणाली, “मुलगी आठ वर्षांची आहे माझी. घरी गेल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? आई, तू कुठे ठेवलेस ते दागिने?”

काकांचा चेहरा पडला. “मी येऊन सांगू तिला?”

“या,” ती म्हणाली. “तुमचं ऐकेल ती. माझं नाही ऐकलं.”