अहवालात नसलेला नाला

वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात आमचं गाव. खाण वाढवायची म्हणून जनसुनावणी ठरली आणि कंपनीचा पर्यावरण अहवाल सरकारी संकेतस्थळावर चढला. जनतेसाठी खुला! इंग्रजीत, शेकडो पानांचा. ज्यांच्या दारात खाण येणार त्यांना वाचताच येऊ नये, याला मी खुलं म्हणत नाही. म्हणून संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून मी तो मोबाइलवरून मराठीत सांगू लागले.

"परिसरात नारळाच्या बागा आहेत."

ओटा हसून लोळला. "नारळ तं आपण लग्नातच पाह्यतो!" काका म्हणाले. "पुढं पाह्य, समुद्रबी असन."

समुद्र नव्हता, खाडी होती. खाडीतली मासेमारीही होती. कोकणातला कुठला तरी अहवाल उचलून आमच्या गावाला चिकटवला होता.

मग आलं, "गावाच्या हद्दीत एकही नैसर्गिक प्रवाह नाही."

हसू थांबलं. खाणीची माती नाल्यावरच टाकायची होती. नाला नाहीच म्हटल्यावर बुजवायला कोण अडवणार?

"मंग मी रोज धुणं घेऊन कुठं जातो व पोरी?" आत्यानं विचारलं.

माझ्या बाबांनी जन्मभर पत्रकं काढली; उरलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. त्याच रात्री मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. आत्यानं ते ऐकलं आणि म्हणाली, "शिव्या नोको देऊ. त्याईचंच लिव्ह." मग आम्ही अहवालातलीच वाक्यं छापली, पान क्रमांकासकट.

सुनावणीच्या मांडवात प्रत्येकाच्या हातात पत्रक होतं. सुनावणी घ्यायला यवतमाळहून आलेले साहेब पत्रक वाचत नारळाच्या बागांपाशी आले आणि हसू लपवायला त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"छपाईची चूक आहे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"आमच्या नाल्याले छपाईची चूक म्हणतं का बे?" आत्या उठली. "चला साहेब, दाखवतो."

साहेब खरंच निघाले. पुढं बाया, मागं अख्खा मांडव. काठावर त्यांनी पँट दुमडली आणि पाण्यात उतरले. पाणी पोटरीला लागलं तसे तिथूनच म्हणाले, "अहवाल नव्यानं करा. सुनावणी त्यानंतर. आणि आजच्या इतिवृत्तात लिहा, नाला आहे, पाणी वाहते."

काठावरच्या कारकुनानं लिहिलं.

"वाचून दाखव," आत्या म्हणाली. त्यानं वाचलं. "आता जोरानं." दुसऱ्यांदा तो वाचू लागला तेव्हा अख्खं गाव त्याच्याबरोबर ओरडत होतं.