झाकणाच्या आतला बैल

दुसऱ्या लढाईच्या वर्षांत हिंगोलीला नवी घड्याळं यायची जवळजवळ बंद झाली, आणि त्यामुळंच माझं दुकान चांगलं चाललं. दुकान म्हणजे एका कापडवाल्याच्या ओट्याचा कोपरा, काचेची एक पेटी, बसायला गादी आणि डोळ्याला लावायचं भिंग. मी जुनी घड्याळं घ्यायचो, उघडून साफ करायचो, मोडलेलं चाक दुसऱ्या बंद घड्याळातून काढून बसवायचो आणि विकायचो. माल कुठून कुठून यायचा. छावणीतल्या जुन्या साहेबलोकांच्या सामानातला, हर्राजात बोली लावून घेतलेला, आणि बराचसा पूर्णेकडून मोडतोड घेऊन फिरणाऱ्या एका माणसाकडचा. हे घड्याळ कोणाचं होतं, असं मी त्याला कधी विचारलं नाही. आमच्या धंद्यात कोणी विचारत नसे.

जुन्या घड्याळाचं गिऱ्हाईक मोठं अवघड. आपण फसणार, हे ते घरूनच ठरवून येतं. एका वकिलांनी एकच घड्याळ चार वेळा परत आणलं. पाच मिनिटं मागं पडतं म्हणायचे. मी आठ-आठ दिवस ठेवून बघायचो, तर बराबर चालायचं. शेवटी कळलं, ते कचेरीच्या टोल्यांवर घड्याळ लावत, आणि टोले देणारा शिपाई आपल्या सवडीनं टोले देई. हे सांगितलं तर ते माझ्यावरच रागावले. एका जमीनदाराला घड्याळ चालतं की बंद आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "मशीन ऱ्हाऊ द्या हो, साखळी दाखवा," म्हणायचे. अशा लोकांशी गोड बोलायला मी शिकलो होतो. एका म्हाताऱ्याशी मात्र मला ते जमलं नाही.

तो नरसीच्या बाजूचा शेतकरी. खांद्यावर घोंगडी, पायांना ढेकळांची धूळ. बाजाराच्या दिवशी दुपारी यायचा, ओट्याच्या कडेला टेकायचा आणि पेटीतलं एकेक घड्याळ मागायचा. तबकडीकडे बघायचाही नाही. अंगठ्याच्या नखानं मागचं झाकण उघडायचा, आत बघायचा, झाकण लावून घड्याळ खाली ठेवायचा. पुढचं घ्यायचा. भाव कधी विचारला नाही. सगळी पाहून झाली की उठून जायचा, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा हजर.

"बाबा, घ्यायचं हाय का न्हाई?" एकदा मी विचारलं.

"पाहून राहिलो."

"मागून काय पाहून राहिलात? टाइम तर पुढून दिसतो."

"मला टाइम कुठं कळतो," तो म्हणाला आणि पुढचं घड्याळ उचललं.

त्याच्या नखानं एका चांदीच्या घड्याळाची बिजागरी तुटली. काचेवर बोटांचे डाग पडायचे. तो बसला की बाकीचे लोक ताटकळायचे आणि निघून जायचे. चार बाजार मी गप्प राहिलो. पाचव्या बाजाराला शाळेतले एक मास्तर आले होते. त्यांनी घड्याळ पसंत केलं होतं, कानाला लावून ऐकत होते. म्हाताऱ्यानं हात पुढं केला आणि ते घड्याळ सरळ त्यांच्या हातातून घेतलं. मास्तर चिडून उठले, आणि माझा तोल गेला.

"चला, उठा हितून!" मी ओरडलो. "रोज रोज हात लावून पाहायचं आन् घ्यायचं काहीच न्हाई. चोर असंच करतात."

भर बाजारात बोललो. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. म्हाताऱ्यानं घड्याळ सावकाश गादीवर ठेवलं आणि हात धोतराला पुसले.

"मी चोर न्हाई, दादा," तो म्हणाला. "चोरीला तर माझं गेलं."

मग त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. त्याचा एकुलता एक मुलगा पूर्णेला रेल्वेत रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होता. गाडीच्या वेळा पाळाव्या लागत, म्हणून त्यानं जुनं घड्याळ घेतलं होतं. आदल्या पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि दोन दिवसांत तो गेला. बाप पोचला तोवर लोकांनी सगळं उरकलं होतं. वळकटी, तांब्या आणि एक सदरा त्याच्या हातात दिला.

"घड्याळ न्हाई दिलं. कोणी नेलं, मी इचारलं न्हाई. भांडून पोरगं थोडंच येतंय? पर नेलं म्हंजे इकलं असंल, आन् इकलं म्हंजे कोणत्या तरी दुकानात येईल. वसमत पाहिली, वाशीम पाहिलं. म्हून तुमच्याकडं येऊन राहिलो."

"पण वळखणार कसं, बाबा?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा राग गेला होता.

"मला अक्षर येत न्हाई. म्हून पोरानं झाकणाच्या आत आमचा बैल कोरला होता, दाभणानं. एक शिंग वर, एक शिंग खाली. म्हणला, बाबा, आता हे कुठं बी हरपू द्या, तुमाला वळखू येईल."



तो बैल मी पाहिला होता. तीन-चार महिन्यांपूर्वी पूर्णेकडच्या मालात एक साधं निकेलचं घड्याळ आलं होतं, सातच्या आकड्याजवळ तबकडीला बारीक चीर गेलेलं. झाकण उघडलं तर आत कसलंसं जनावर खरडलेलं. कोणा लेकरानं खोडी केली असेल असं वाटून मी हसलो होतो. माझी रीतच होती. झाकणाच्या आत नाव असो, तारीख असो, काही असो, मी आधी बारीक कानशीनं आणि मग लाल पूड लावून ते घासून काढायचो. परक्याचं नाव असलेलं घड्याळ गिऱ्हाईक घेत नाही. तो बैलही मी तसाच घासला. आरशासारखं लख्ख केलं झाकण.

आणि ते घड्याळ अजून पेटीत होतं. प्रत्येक बाजाराला म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं होतं, उघडलं होतं, माझं लख्ख झाकण पाहिलं होतं आणि परत ठेवलं होतं.

त्याच वेळी मी बोलायला पाहिजे होतं. पण सभोवती लोक होते, आणि मी त्याला नुकतंच चोर म्हटलं होतं. "दिसलं तर सांगीन, बाबा," एवढंच म्हणालो. त्यानं मान हलवली आणि गेला.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. माझं कामात लक्ष लागेना. समोर घड्याळ उघडून बसायचो आणि कोणतं चाक कुठलं हे विसरायचो. शेवटी एका सकाळी पेटीला कुलूप लावलं, ते घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि नरसीच्या वाटेला लागलो. कयाधू नदी ओलांडून त्याच्या गावात पोचायला दुपार झाली.

तो अंगणात लिंबाखाली दोर वळत होता. सून दारात बसून ज्वारी निवडत होती, तिच्याजवळ दीड-दोन वर्षांची पोर. मी घड्याळ त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यानं झाकण उघडलं, खूप वेळ आत बघितलं, अंगठा फिरवला. मग झाकण लावून घड्याळ माझ्यापुढं धरलं.

"हे न्हाई."

"हेच हाय, बाबा. माझ्या हातानं घासलं मी."

"तुमाला वाईट वाटून राहिलं, म्हून आणलं तुमी. व्हय, समजतं मला. पर दुसऱ्याच्या लेकराची वस्तू मी घरात काहून ठिवू?"

मी माझ्या मुलांची शपथ घेतली. तो ऐकेना. मी सुनेकडं वळलो. "बाई, तुमी सांगा. तुमी तर पाहिलं असंल."

तिनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला, घड्याळ हातात घेतलं. उलटंसुलटं केलं.

"त्यांच्या खिशात असायचं, दादा," ती म्हणाली. "लांबून साखळी दिसायची. मी कधी हातात घेतलं न्हाई. मला कशी वळख राहील?"

तिनं ते माझ्याजवळ ठेवलं आणि आत जाऊन माझ्यासाठी गुळाचा चहा केला. मी चहा घेतला. म्हातारा मला वेशीपर्यंत सोडायला आला आणि वाटेत मलाच समजावत राहिला, की मनाला लावून घेऊ नका.

घरी आल्यावर एक कुबुद्धी सुचली. टोकदार सुई घेऊन बसलो, की बैल पुन्हा कोरावा आणि घड्याळ मिळालं म्हणून नेऊन द्यावं. पण सुई टेकवायची कुठं? वरचं शिंग डावं की उजवं? तोंड कोणीकडे होतं? काही केल्या आठवेना. मी हसलो होतो, एवढंच आठवत होतं. सुई ठेवून दिली.

महिनाभरानं तो पुन्हा बाजाराला यायला लागला. मीच एकेक झाकण उघडून त्याला दाखवायचो. ते निकेलचं घड्याळ मी पेटीतून काढून घेतलं होतं. नावं घासणंही सोडलं. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "हे कोणाचं नाव हो?" काही तेवढ्यावरूनच परत जायची. जाऊ द्यायचो.

असा तो तीन-साडेतीन वर्षं आला. मग आमच्या निजामी मुलखात गडबडीचं वर्ष आलं. रस्ते धोक्याचे झाले, बाजार भरेनासा झाला, गावंच्या गावं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. सगळं शांत झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. अंगणात गवत माजलं होतं, दाराला कडी. शेजारीण म्हणाली, म्हातारा वऱ्हाडात पाहुण्यांकडंच वारला. सून पोरीला घेऊन माहेरी गेली, कनेरगावच्या पलीकडं कुठंतरी.

घड्याळ घेऊन दोनदा मी हद्दीवरच्या कनेरगावच्या नाक्यापर्यंत गेलो, दिसेल त्याला विचारलं. तिच्या गावाचं नाव कोणालाच नीट सांगता आलं नाही. तिसऱ्यांदा गेलो नाही.